तणावमुक्तीला उपस्थिती अनिवार्य

परिपत्रक आलं तेव्हा शनिवारचे पावणेसहा वाजले होते आणि माझी कॅश पाचशे रुपयांनी कमी येत होती. दोनदा मोजून झाली होती, तिसरी फेरी चालू होती. ज्याने आयुष्यात कधी कॅश सांभाळली नाही त्याला सांगतो, तिसऱ्या फेरीत कॅशियरशी फक्त त्याच्या आईने बोलावं, आणि तेही घरात आग लागली असेल तर. पण मॅनेजर साहेबांनी खुर्चीतूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली : "उद्या रविवारी सकाळी ९.३० वाजता जळगाव येथे ताणतणाव व्यवस्थापन प्रशिक्षण. उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहणाऱ्यांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल."

मी बोटं थांबवली. हातातला आकडा गेला. चौथी फेरी.

(पाचशेची नोट शेवटी दोनशेच्या गड्डीत सापडली. ती तिथे कशी गेली हे मी कोणाला सांगणार नाही.)

आमच्या अमळनेरला तेव्हा सखाराम महाराजांची यात्रा भरली होती. एकादशीचा रथ होऊन गेला होता, पौर्णिमेची पालखी व्हायची होती, म्हणजे बोरी नदीच्या पात्रात पाळणे आणि माझ्या घरात सासुरवाडी. सासू-सासरे, मेहुणा, त्याची बायको आणि त्याची तीन मुलं. "तुम्ही ताण घालवायला जळगावला चालले," बायको म्हणाली, "आणि मी इथं नऊ माणसांच्या पोळ्या लाटते. माझं प्रशिक्षण कधी ठेवलंय तुमच्या बँकेनं?"

मी पहाटेची गाडी पकडली.

जळगावात मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन असं असतं की माणूस सावलीसाठी विजेच्या खांबामागे उभा राहतो. हॉटेलच्या हॉलमध्ये मात्र एसी इतका गार की आमच्या शाखेचे शिपाई नाना डोक्याचा रुमाल सोडून अंगावर पांघरून बसले. प्रशिक्षक पुण्याचे होते. अंगात कोट. पहिलंच वाक्य, "मित्रांनो, आजचा दिवस तुमचा आहे." रविवार होता, तो आमचाच होता हो.

माणूस मात्र अभ्यासू होता, हे कबूल करायला हवं. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं : झटका फार कमी किंवा फार जास्त असला तर अवघड गोष्ट शिकायला उंदीर वेळ लावतात, मध्यम असला तर लवकर शिकतात. मग १९३६ साली हान्स सेली यांनी आणखी उंदरांना नाना प्रकारांनी छळून शरीर ताणाला कसं तोंड देतं ते मांडलं. आमच्या रेकॉर्ड रूममधले उंदीर १९९८ची लेजरं खाऊन मजेत आहेत, त्यांच्यावर असा कोणी प्रयोग करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याला, कामाशी निगडित घटना म्हणून मान्यता दिली, पण आजार म्हणून नाही, असंही ते म्हणाले. मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "म्हणजे मेडिकल बिल निघणार नाही."

मग एक कागद वाटला. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण देऊन ठेवलेत. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. वर्षभरात आपल्याकडे जे जे घडलं त्यावर खूण करायची आणि बेरीज मारायची. ३०० च्या वर गेलात तर आजारी पडण्याचा धोका मोठा.

बेरीज म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. सरसर खुणा करत गेलो आणि मध्येच अडलो. 'सासरच्या मंडळींशी कुरबूर' २९ गुण. 'वरिष्ठांशी कुरबूर' २३. हे दोन्ही आकडे मी पुन्हापुन्हा पाहिले. म्हणजे अमेरिकेतही सासुरवाडी साहेबापेक्षा सहा गुणांनी जड! त्या दोन डॉक्टरांविषयी मला एकदम आपुलकी वाटली. २९ वर ठळक खूण केली. २३ वर मात्र करता येईना, कारण मॅनेजर साहेब शेजारच्याच खुर्चीत होते आणि माझ्या कागदाकडे मान तिरकी करून बघत होते. तेही २३ वर पेन टेकवून थांबले होते, कारण पुढच्या रांगेत विभागीय अधिकारी. शेवटी आम्हा दोघांच्याही आयुष्यात वरिष्ठांचा काही त्रास नाही असं निघालं. सुट्टीवर जाण्यालाही १३ गुण आहेत. ते आम्ही न मागता वाचवले होते.

श्वासाच्या व्यायामाला माझी फजिती झाली. "डोळे मिटा. श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा." कॅशियरला चारपर्यंत मोजायची सवयच नसते. पाच, सहा, वीस, साठ... शंभर झाल्यावर अंगठा आपोआप पट्टी लावायला सरकला तेव्हा भान आलं. सगळा हॉल तिसऱ्या श्वासाला पोचला होता, माझा पहिलाच छातीत अडकून होता.

त्यानंतर आडवं पडून स्नायू एकेक करून आवळायचे आणि सैल सोडायचे. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत. पायाच्या बोटांपासून सुरुवात झाली. पोटऱ्यांपर्यंत पोचेतो नाना घोरायला लागले, आमच्या अहिराणीत 'जपी ग्यात', म्हणजे झोपी गेले. प्रशिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात लेट गो." नानांना शाखेत याच गोष्टीसाठी दोन मेमो मिळालेत.

जेवायला शेवभाजी होती, कळण्याची भाकरी आणि ठेचा. प्रशिक्षकांनी त्याचाही तास केला : घास घाईने गिळू नका, जिभेवर खेळवा, त्याच्याशी एकरूप व्हा. आणि त्यांनी काळ्या मसाल्याच्या तर्रीतला पहिला घास जिभेवर खेळवायला घेतला. आम्ही सगळे हातातला घास हातात धरून बघत राहिलो. सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं की धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, घाम फुटतो, शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. आता ते सगळं क्रमाने दिसलं. कपाळ, मग कान, मग कोट निघाला. ते लढले नाहीत. नानांनी ताकाचा तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाले, "हळूहळू, भो."

दुपारी एक स्लाइड पडद्यावर आली आणि मी सावरून बसलो. १९७९ सालचं, कारासेक नावाच्या संशोधकाचं म्हणणं : कामाचा बोजा जास्त आणि त्या कामात आपल्या हातात काहीच नाही, तिथे ताण सगळ्यात जास्त. मी वाचून पुरं करतो तोच स्लाइड सरकली. "हे आपण घरी वाचा," प्रशिक्षक म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. आठ सेकंद असेल. दिवसभरातली तेवढीच स्लाइड पेरणीच्या तोंडावर पीककर्जाच्या रांगेसमोर बसणाऱ्या माणसाविषयी होती.

शेवटी कोणाला काही शंका? कोणाला नव्हती. विभागीय अधिकारी आभाराला उठले, तेवढ्यात नाना उभे राहिले.

"सायेब, बाकी सगळं बेस शे. पन आमनी शाखामा अकरा जागा, मानसं सहा. बाकीना पाच कव्हय येतीन?"

प्रशिक्षकांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे. मग आम्ही सगळे दोन मिनिटं मोठ्याने हसलो, कारण कार्यक्रमपत्रिकेत पुढे हास्ययोगच होता.

'मला आता तणावमुक्त वाटते' या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर सहाच्या आत भरायचं होतं, नाहीतर गैरहजेरी. ओटीपी आला तो गाडी धरणगावच्या पुढे गेल्यावर, सहा वाजून चार मिनिटांनी.

सोमवारपासून नवा नियम आला : रोज दहा पंचवीसला सर्व कर्मचाऱ्यांनी पाच मिनिटं ध्यान करायचं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पहिल्या दिवसाचा फोटो परत आला. शेरा होता, 'उजवीकडून दुसरे कर्मचारी तणावमुक्त दिसत नाहीत.' तो मीच. मंगळवारी मी जिवाच्या आकांताने चेहरा सैल सोडला, डोळे गच्च मिटले, दारं उघडल्याचा आवाज आला तरी हललो नाही. कॅशच्या काचेवर नाण्याची टकटक झाली. बाहेर एक म्हातारबाबा पासबुक घेऊन उभे होते आणि मागच्या रांगेला सांगत होते,

"थांबा रे भो, सायेब जपी ग्यात."