पथनाट्य कोपीपुढं कशाला, कारखान्याच्या सभेत करा

मानवी हक्क दिन जवळ आला की आमच्या कृष्णाकाठच्या कॉलेजांना ऊसतोड कामगार आठवतात. तारीखही सोयीची आहे. १० डिसेंबरला हंगाम भरात असतो, कामगारांच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडलेल्या असतात आणि एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर तोंडावर आलेलं असतं. मग टोप्या, बॅनर, प्रभातफेरी आणि संध्याकाळी अड्ड्यावर पथनाट्य. दुसऱ्या दिवशी तालुका पानावर फोटो, त्यात पुढं प्राचार्य, मागं पोरं आणि कडेला अर्धवट दिसणारी दोन लुगडी.

पोरांवर माझा राग नाही. मोबाईल खिशात ठेवून थंडीत तळावर जाणारी पोरं मला आवडतातच. पण जागृती ज्यांची करायची ते लोक तळावर राहत नाहीत. ते गावात, स्लॅबच्या घरात राहतात आणि बहुतेक वेळा त्याच पोरांचे वडील, चुलते, मामा असतात.

मागच्या हंगामात असं एक पथनाट्य मी उभं राहून बघितलं. विषय नेहमीचे: व्यसनमुक्ती, बालविवाह आणि 'आपले हक्क ओळखा'. पहाटे चारला उसाच्या फडात गेलेल्या बाया नुकत्या परतल्या होत्या. पाणी आणायचं होतं, चूल पेटायची होती, लेकरं रडत होती. डफ वाजवणाऱ्या पोरानं विचारलं, "मावशी, तुमचे हक्क तुम्हाला माहीत आहेत का?" एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "माहीत हायेत की बाबा. मागायचे कोणाला, तेवढं सांग." पोरं हसली आणि पुढच्या गाण्याला लागली.

त्या बाईला उत्तर द्यायचं तर काय द्यायचं? कारखान्याला विचारा, कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो मी ट्रॅक्टरवाला, मी टोळी आणणाऱ्या मुकादमाला पैसे दिलेत. मुकादम म्हणतो मीही तुमच्यासारखाच, मला कारखान्यानं आणि मालकानं कात्रीत धरलंय. आणि ज्याच्या फडात ऊस तुटतो तो शेतकरी म्हणतो, माझा काय संबंध, मी कारखान्याला ऊस दिला. काम सगळ्यांचं होतं, पण कामगार कुणाचाच नसतो. हजेरीपट नाही, नेमणूक नाही, भविष्य निर्वाह निधीचा तर विषयच नको. बाईचं नाव तर मुकादमाच्या वहीतसुद्धा नसतं. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'.

कोयत्याचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. २०२४ च्या जानेवारीत करार झाला आणि तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर आला. मोठी वाढ म्हणून बातम्या झाल्या, आणि वाढ मोठी होतीच. आता एक जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते असं धरा. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, बारा-चौदा तासांचे. त्यात तोडणं, पाला काढणं, मोळ्या बांधणं आणि डोक्यावरून गाडीत भरणं सगळं आलं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडे सुटतात, ते बाजाराला जातात. उचल लाखाची असेल तर ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तुटला पाहिजे. म्हणजे एकही खाडा न करता एकशे छत्तीस-सदतीस दिवस. आणि आता कित्येक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसांच्या आसपासच आटोपतो. ऊस कमी पडला, पाऊस झाला, मिल बंद राहिली, तरी उचल तेवढीच राहते. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा वहीत बाकी निघते आणि ती बाकी फेडायला पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा यावं लागतं. यात कुणी साखळदंड घातलेला नसतो. वही असते, आणि ती मुकादमाकडं असते.

आगाऊ रक्कम घेतली म्हणून दुसरीकडं काम करायचं, निघून जायचं स्वातंत्र्य गमावणं, याला १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा काय म्हणतो ते कॉलेजच्या लायब्ररीत सापडेल. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. लॉ कॉलेजच्या पोरांना हा निकाल परीक्षेला असतो. तो बाहेरच्या उसाच्या फडाला लागू करून बघा, असं मात्र प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही.

स्थलांतरित कामगारांच्या कायद्याची तर गंमतच आहे. १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता, आणि नव्या कामगार संहितेतली व्याख्याही 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' अशीच आहे. म्हणजे बीडची टोळी म्हैसाळच्या पुढं कर्नाटकातल्या कागवाडला गेली तर ती कागदावर स्थलांतरित. तीच टोळी अलीकडं मिरजेच्या शिवारात थांबली तर घर सोडून तीनेकशे किलोमीटर आली तरी स्थलांतरित नाही.

२०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी आली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरल्यासारखा झाला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, तळावर संडास नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं, मग खासगी दवाखान्यात भीती घालून शस्त्रक्रिया. त्या वर्षी आमच्याकडं पोस्टर स्पर्धा झाल्या. पोस्टर चांगली होती. पण तळ तोच होता, संडास नव्हता तो नव्हताच, आणि ज्या कारखान्याचा तो तळ त्याच्या अध्यक्षांच्या हस्ते बक्षिसं वाटली गेली.

अवघड गोष्ट इथं आहे. आमच्या भागात कारखाना, बँक, दूधसंघ आणि कॉलेज यांचे चेअरमन बऱ्याचदा एकाच घरातले असतात. त्यांनी कॉलेजं काढली म्हणून आम्ही शिकलो, हे खरं. पण त्यामुळं विद्यार्थ्यांची चळवळ कुठपर्यंत जाऊ शकते हे आधीच ठरलेलं असतं. दारू वाईट, बालविवाह वाईट, निरक्षरता वाईट. म्हणजे दोष सगळे कोपीतले. वजनकाट्याकडं, तळाकडं, कारखान्याच्या ऑफिसकडं बोट वळलं की सरांच्या कपाळावर आठी. सरांनाही नोकरी आहे, त्यांना तरी काय बोलायचं.

बाहेर हे वेगळ्या पद्धतीनंही झालेलं आहे. २००१ मध्ये हार्वर्डची पोरं विद्यापीठाच्या प्रशासनाच्या इमारतीत तीन आठवडे ठाण मांडून बसली, मागणी एकच: आपल्या आवारात झाडलोट करणाऱ्यांना, मेसमध्ये राबणाऱ्यांना, पहारेकऱ्यांना जगण्यापुरता पगार द्या. न्यूयॉर्क विद्यापीठानं अबुधाबीत कॅम्पस बांधला तेव्हा तिथल्या विद्यार्थी-प्राध्यापकांनी बांधकाम मजुरांच्या वागणुकीवरून विद्यापीठाला धारेवर धरलं. २०१५ च्या चौकशी अहवालात निघालं की सुमारे तीस हजारांपैकी दहा हजार मजुरांना विद्यापीठानं जाहीर केलेले नियम लागूच झाले नव्हते. मला यात आवडतं ते एवढंच, की त्या पोरांनी मजुरांना उपदेश केला नाही. ज्या संस्थेत आपण शिकतो तिलाच प्रश्न विचारला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कोण ऐकतं. पण आमच्या पोरांकडं हार्वर्डच्या पोरांकडं नव्हती अशी एक गोष्ट आहे. सहकारी कारखान्याचा मालक कायद्यानं सभासद असतो, आणि सभासद म्हणजे त्यांचे वडील. शेअर्सचं सर्टिफिकेट घरातल्या कपाटात असतं. दर सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस आणि अहवालाचं जाडजूड पुस्तक घरी येतं, जे पोरगं वाचत नाही आणि बाप फक्त दराचं पान बघतो. सभेत काय विचारतात? उसाच्या पैशांची पहिली उचल किती, शिल्लक हप्ता कधी, दिवाळीची साखर किती किलो. ज्या माणसांनी तो ऊस तोडला त्यांच्याबद्दल एक प्रश्न विचारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

विचारण्यासारखं खूप आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाला द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे एक कोटी रुपये होतात. आपल्या कारखान्यानं ते भरले का, किती, कधी? तळावर नळ किती, संडास किती, दिवे किती? मागच्या हंगामात किती कामगार जखमी झाले, कुणाला विमा मिळाला? अहवालात यंत्रसामग्रीच्या दुरुस्तीचा खर्च पैशापर्यंत छापतात, मग हेही छापायला काय हरकत आहे? ऊस तोडणारे हार्वेस्टर येणारच आहेत, मग कशाला, असं एक उत्तर हमखास येईल. येऊ देत. ते सगळीकडं येईपर्यंत किती हंगाम जायचेत, आणि तोवरची पोरं कुठं वाढायचीत?

शेतकऱ्याचं दुखणं मला माहीत नाही असं नाही, मी त्याच घरातला आहे. खुशालीचे, म्हणजे दरावरचे वरकड, पैसे दिल्याशिवाय कोयता फडाला लागत नाही, तोड येईना म्हणून उसाला तुरे फुटतात, वजन घटतं. मुकादम लाखोंची उचल घेऊन गायब झाल्यामुळं कर्जात बुडालेले ट्रॅक्टरमालक प्रत्येक गावात सापडतील. हे सगळं खरंच आहे. पण हा सगळा व्यवहार तोंडी आहे, म्हणून तर हे घडतं. नोंद नाही, लेखी करार नाही, कामगाराचं नाव कुठं नाही. कामगाराची नोंदणी झाली, उचल बँकेतून गेली, हिशेब लेखी राहिला तर फसवणूक दोन्ही बाजूंची थांबेल. बापाशी बोलायला सुरुवात इथूनच करावी. हक्काच्या भाषेत घरात भांडण होतं, हिशेबाच्या भाषेत चहा होतो.

आणि तळावर जायचंच असेल तर जरूर जा, पण डफ घरी ठेवा आणि वही-पेन घ्या. काट्याच्या पावत्यांचे फोटो काढून प्रत्येक जोडीचा टनांचा हिशेब आठवड्याला लिहून द्या. ज्याला अकरावीत अकाउंट्स आहे त्याला हे जमतं. पट्टा पडताना मुकादमाची वही आणि तुमची वही शेजारी ठेवली की काय होतं ते बघा. लेकरांकडं गावच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड आहे का विचारा, नसलं तरी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांना बसवून घेणं हे शाळेचं काम आहे, मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. गरोदर बाई असेल तर अंगणवाडीत नाव घाला. रेशनकार्ड बीडचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात घेता येतं, पण दुकानदार पहिल्यांदा नाही म्हणतो, दुसऱ्यांदा चार कॉलेजची पोरं सोबत असली की हो म्हणतो. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. रस्त्याकडेच्या झाडांना चुना लावण्यात ते संपवण्यापेक्षा हे बरं.

एक मात्र लक्षात ठेवा. तुमच्याच वर्गात, होस्टेलवर, अभ्यासिकेत बीड, जालना, पाथर्डीकडची पोरं आहेत, ज्यांचे आई-वडील या क्षणी कुठल्यातरी फडात आहेत. त्यांना माईक देऊन रडवू नका. 'ऊसतोड कामगाराचा मुलगा फौजदार झाला' ही पोस्ट आपल्याला फार आवडते. दरवर्षी निकाल लागला की कोयता हातात घेतलेल्या आईचा फोटो फिरतो, हजारो लाइक पडतात. मला त्या पोराचा अभिमान वाटतोच, पण त्या फोटोखाली कमेंट करणाऱ्यांत आमच्या कारखान्याचे सभासद किती असतात ते मोजलं तर मौज वाटेल. एकजण सुटला म्हणजे उरलेल्यांनी कष्ट केले नाहीत, असा हिशेब आपण मनातल्या मनात करून टाकतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगारांना गावी सोडायचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. पुढच्याच महिन्यात, ८ मे रोजी, करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्यात स्टीलच्या कारखान्यात कामाला. त्या उन्हाळ्यात आपल्या सगळ्यांना स्थलांतरित हा शब्द पाठ झाला होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला दिसलं, आणि फडापासून दोनशे मीटरवर राहणाऱ्या आपल्याला दिसत नाही, असं कसं म्हणायचं?

तर पोरांनो, यंदा पोस्टर स्पर्धेऐवजी घरातला अहवाल उघडा. वडिलांना सोबत घेऊन वर सांगितलेल्यातले दोनच प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहा, खाली त्यांचा सभासद क्रमांक टाका. सभेच्या नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी ते ठराविक दिवस आधी लेखी द्यावेत. ती मुदत चुकवू नका, नाहीतर त्याच कारणावरून अध्यक्ष विषय पुढं ढकलतात. कागद कारखान्याच्या ऑफिसात आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.