कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ चोळू नका

'पाठ दुखस' म्हटलं की आपल्या खान्देशात तेल लावून चोळायचं, नाहीतर मणका बसवणाऱ्याकडे न्यायचं, हे ठरलेलं. केळीचे घड वाहणारी पाठ दुखणारच, हेही खरं. पण ज्याला स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, किडनी किंवा थायरॉइडचा कॅन्सर होऊन गेलाय, मग त्याला दहा वर्षं का झाली असेनात, त्याच्या पाठीला हात लावायच्या आधी डॉक्टरला दाखवा. ते दुखणं मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचं असू शकतं.

मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. शरीररचनेचे अभ्यासक बॅट्सन यांनी 1940 मध्ये दाखवलं, की पोटातला दाब वाढला की ओटीपोटातलं रक्त उलटं या जाळ्यात शिरतं. कॅन्सरच्या पेशींना मणक्यापर्यंत यायची ही एक वाट. धमन्यांतूनही त्या येतातच. आत रुजल्या की त्या हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. झिजणाऱ्या हाडातून जे वाढीचे घटक सुटतात, त्यांच्यावर कॅन्सर आणखी पोसतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलट नवं हाड साचतं, पण तेही कमकुवतच.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडातलं 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. एमआरआयही नुसत्या कमरेचा नको, पूर्ण मणक्याचा हवा. कॅन्सरची गाठ सर्वात जास्त वेळा छातीमागच्या मणक्यांत असते, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणीही सापडते.

आडवं झाल्यावर वाढणारं, झोपेतून उठवणारं दुखणं, खोकल्यावर कळ, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, ही सुरुवात. पाय लटपटले, बधिर झाले किंवा लघवी अडकली, की मज्जारज्जू, म्हणजे मणक्यातून जाणारा नसांचा मुख्य दोर, दबतोय. मग 'आखाजी झाली की दाखवू' चालत नाही, त्याच दिवशी निघा. माणसाला सपाट झोपवूनच न्या, मोटारसायकलवर मध्ये बसवून अजिबात नको. दवाखान्यात डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) सुरू करून शक्यतो 24 तासांत रेडिएशन किंवा ऑपरेशन व्हायला हवं. उपचाराच्या वेळी चालू शकणारा पेशंट बहुतेकदा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर फार थोडे उभे राहतात.

आणि मणका खराब दिसला की तपासणीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू होतात, याचा मला खरंच राग येतो. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली गादी खातो, कॅन्सर बहुधा गादी सोडतो. तरी नुसत्या फोटोवर ठरवू नये. सुईने तुकडा काढतील तेव्हा आधीच विचारा: पॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा) फॉर्मलिन या औषधी द्रवात, टीबी कल्चरचा (जंतू वाढवून बघायचा) साध्या सलाइनमध्ये ठेवणार ना? सगळाच फॉर्मलिनमध्ये गेला तर कल्चर उगवत नाही.