सीनेचं पाणी आणि घराचा विमा

"सोलापूरला कसला आलाय पूर?" हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. आमच्याकडे पाणी येतं ते नळाला, आणि तेही चार-पाच दिवसांतून एकदा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं हे वाक्य कायमचं खोडून टाकलं. वर धो धो पाऊस आणि त्यात सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून सुटलेलं पाणी. करमाळा, माढा, मोहोळ, खाली दक्षिण सोलापूरपर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. माझी मावशी मोहोळ तालुक्यात सीनेकाठी राहते. पाणी ओसरल्यावर आम्ही तिच्याकडे पोचलो तेव्हा ज्वारीच्या कणग्या आंबून फुगल्या होत्या, फ्रिज आडवा पडला होता आणि शिलाई मशीन गाळात रुतलं होतं. भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची रेघ. मावशी एकच म्हणत होती, "बाळा, बँकेनं विमा काढलाय की घराचा. कर्ज घेतानाच पैसे कापलेत."

मावसभावाच्या कर्जाची फाईल उघडली. विमा होता, पण त्याच्या जिवाचा. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर बँकेचं कर्ज फिटावं म्हणून काढलेला. घराच्या भिंतींचा त्यात एक शब्दही नव्हता, आणि हा फरक कर्ज देताना त्याला कुणी सांगितला नव्हता. याचा मला आजही राग येतो. घरी येऊन माझी स्वतःची कागदपत्रं काढली. तिथंही तेच.

म्हणून यंदा मे महिन्यात, आभाळ कोरडं असतानाच, घराचा विमा काढला. 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. विमा नियामकानं तिचा मसुदा ठरवून दिलाय, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ अटी त्याच. आग, भूकंप, वादळ, पूर, घरात शिरलेलं पाणी, सगळं त्यात येतं. जागेची किंमत धरत नाहीत, घर पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरतात. माझं घर ७०० चौरस फूट. बांधकाम १,८०० रुपये फुटानं धरलं तर १२,६०,००० रुपये. त्याच्या २० टक्के, म्हणजे २,५२,००० रुपयांचं घरसामान आपोआप धरलं जातं (याची कमाल मर्यादा १० लाख). वर्षाचा हप्ता आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी बसला. भाड्यानं राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो.

दागिने त्यात हवे असतील तर वेगळं सांगावं लागतं. रोख पैसे आणि गाडी धरत नाहीत. दारातली मोटारसायकल बुडाली तर तिचा स्वतःचा पूर्ण विमा लागतो, नुसत्या थर्ड पार्टीवर एक रुपयाही मिळत नाही.

आणि हे आपल्या सोलापूरकरांनी नीट वाचा. पूर्व भागात कितीतरी घरांत खाली माग आणि वर संसार आहे. आमच्या काकांचंही तसंच. खालचे यंत्रमाग, सूत, चादरींचे गठ्ठे हा धंद्याचा माल झाला, तो गृह रक्षात येत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे, एकूण ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते. पाणी आधी खालच्या मजल्यावरच येतं, आणि पोट भरणारी वस्तू तिथंच असते.

"बघू की, पाऊस लागल्यावर काढू," असं काका म्हणाले. पण आपला मोठा पाऊस जूनचा नसतोच, उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. ऑक्टोबर २०२० आठवा. १३ तारखेला बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आंध्रातल्या काकीनाडाजवळ किनाऱ्यावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्यात हाहाकार. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. समुद्रापासून इतकं लांब राहून आपल्याला सावध व्हायला मिळाला तो एकच दिवस. हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, तसा कायदाच आहे. अमेरिकेतल्या सरकारी पूरविम्यात तर पैसे भरल्यावरही साधारण ३० दिवस थांबावं लागतं.

सरकारी पंचनामा, मदत हे हवंच, तो लोकांचा हक्क आहे. पण त्या मदतीत मावशीचं घर पुन्हा उभं राहिलं नाही, ते आम्ही भावंडांनी वर्गणी काढून उभं केलं.

अजून एक. मावशीनं वासानं हैराण होऊन दोन दिवसांत भिजलेलं सगळं सामान उकिरड्यावर टाकलं होतं. विमा असता तरी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला दाखवायला काय उरलं असतं? आधी फोटो, कंपनीला फोन, मग साफसफाई. घरातल्या वस्तूंचे आणि बिलांचे फोटो आजच काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. माझे मावशीकडे आहेत, तिचे माझ्याकडे.

मावशीच्या घराचा फॉर्म गेल्या रविवारी भरला. काकांच्या मागांची यादी करायला घेतलीय, अर्धी झालीय. कुणाला पूर्व भागातल्या घरासाठी अशी यादी करायला मदत लागली तर सांगा, संध्याकाळी सातनंतर मी येऊ शकतो.