लोहगड सर करण्याची सोपी रीत

पावसाळा लागला की मुंबईकराच्या अंगात इतिहास येतो. तुमच्याही आला असेल तर जुलैतला रविवारच धरा. मधल्या वारी गड रिकामा असतो आणि रिकाम्या गडावर तुम्हाला बघणार कोण? पहाटेच्या इंद्रायणीने लोणावळा, तिथून लोकलने मळवली आणि पुढे पायी, अशी जुन्या लोकांची पद्धत. तुम्ही गाडीच काढा. लोहगडवाडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की हॉर्न दाबून धरा, डोंगर बाजूला सरकतो.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. एकामागून एक दरवाजे, मध्ये नागमोडी वाट, अंगावर बुरूज. शत्रूची फौज वळणात कोंडावी आणि वरून तिला ठेचता यावं, म्हणून हा खटाटोप. व्यवस्था आजही चोख आहे! दुपारी चढणारे आणि उतरणारे एकाच दरवाज्यात भिडले की कुणाचा पाय हलत नाही. पुढच्याची सॅक नाकात, मागच्याची छत्री मानेत, कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं. नेमकं तिथेच थांबून रील करा. कोणी बोंबललं तर ‘जय भवानी’ ठोका. ‘जय शिवाजी’ म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. असल्या तपशिलात शिरू नका, टी-शर्टवर महाराज आहेत तेवढं पुरे. वर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळाकोनी तळं आहे. कोन मोजायची गरज नाही. रिकामी बाटली कुठल्याही कोनातून टाका, पाण्यातच पडते. विंचूकाटा या गडाच्या लांब सोंडेवर धुक्यात काही दिसत नाही, म्हणून स्पीकर न्यायचा. आपण कुठे आहोत ते पलीकडच्या विसापूरलाही कळतं.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात लोहगडही आला. वारसा म्हणजे बापजाद्यांची इस्टेट, तेव्हा भिंतीवर आपलं आणि तिचं नाव हक्काने घाला. फक्त खडूने नको, पावसात जातं. किल्लीने कोरा.

उतरल्यावर भजी, लोणावळ्यात चिक्की. आणि सोमवारी ऑफिसात डबा उघडता उघडता तोंड वाकडं करून सांगा, ‘‘लोहगडला जाऊ नका रे आता. कसली कसली माणसं येतात हल्ली!’’