चकलीचे पैसे आणि ५० हजारांचा घोळ

एक निरोप कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: नोकरी सांभाळून फराळ, मेंदी, भाषांतर अशी कामं करणाऱ्यांची ५० हजारांपर्यंतची जोडकमाई करमुक्त असते; जीपेवर आलेले पैसे घरगुती व्यवहार; टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर) कापला गेला की विषय संपला; प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये दाखवून ससेमिरा मागे लावून घेऊ नका.

ओळखीच्यांचे रिटर्न मी गेली काही वर्षं भरून देतो. या निरोपामुळे माणसं विनाकारण घाबरतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात, म्हणून हे लिहितोय.

५० हजारांचा आकडा खरा आहे, पण तो भेटींचा. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी एकूण ५० हजारांपर्यंत असतील, तर त्यांवर कर नाही. चकलीचे पैसे ही भेट नव्हे, विक्री आहे. तिचा नफा पहिल्या रुपयापासून पगारात मिळवायचा.

आता दाखवल्याने किती भुर्दंड पडतो ते बघा. आमच्या ओळखीच्या एक ताई नोकरी करून फराळ विकतात. त्यांची २०० पानी वही आहे: भाजणीची चकली २ किलो, अनारसे ५०, पुढे 'जीपे' किंवा 'रोख'. २०२५-२६ मध्ये विक्री १ लाख ८० हजार. त्यातले १ लाख ४० हजार यूपीआयने, ४० हजार रोख. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफा धरण्याची सोय) यूपीआयच्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरता येतो. म्हणजे ८,४०० अधिक ३,२००, एकूण ११,६०० रुपये. खर्चाच्या पावत्या जोडायला नकोत, ऑडिट नको. (नफा खरोखर जास्त असेल तर जास्तच दाखवावा, हे मी त्यांनाही सांगितलं.) पगार ९ लाख ६० हजार. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन एकूण उत्पन्न ८,९६,६०० होतं. १२ लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. पगार १५ लाख असता, तरी या फराळापोटी जास्तीचा कर उपकरासह साधारण १,८१० रुपये!

रिटर्नचा फॉर्म मात्र 'सहज' (आयटीआर-१) चालत नाही, 'सुगम' (आयटीआर-४) लागतो. आणि धंद्याचं उत्पन्न असताना जुनी करप्रणाली हवी असेल, तर मुदतीआधी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो. इथे पुष्कळ जण चुकतात.

जीपेचं म्हणाल, तर मैत्रिणीने सिनेमाच्या तिकिटाचे परत केलेले पैसे उत्पन्न नाहीत, पण ऑर्डरचे पैसे उत्पन्नच आहेत. ते जीपेने आले की रोख, याला महत्त्व नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्याच. त्या जीएसटीच्या होत्या, पण आकडे दिसतात एवढं त्यावरून कळावं.

टीडीएसबद्दलचा दावा सगळ्यात घातक. टीडीएस ही आगाऊ कपात, अंतिम कर नव्हे. भाषांतराचे ६० हजार मिळाले आणि १० टक्क्यांनी ६ हजार कापले गेले, पण एकूण उत्पन्नावर कर शून्य असेल, तर ते ६ हजार तुमचेच आहेत. फक्त रिटर्न भरून मागावे लागतात. मुदत हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं. त्यानंतर चार वर्षांपर्यंत अपडेटेड रिटर्नची सोय आहे, पण ती राहिलेला कर जादा रकमेसह भरण्यासाठी. रिफंड त्यातून मागता येत नाही.