काळा संगीतकार म्हटलं की आपला पाय ताल धरायला तयारच!

टायशॉन सोरी या काळ्या अमेरिकन संगीतकाराचं नाव घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे जॅझवाला ना?" (ड्रमर आहे खरा, आणि कसला तयारीचा!) दुसराही ठरलेलाच. "मग वर्णद्वेषावर काय केलंय त्याने?" गोऱ्या संगीतकाराची नवी रचना ऐकायला निघताना असं कोणी विचारत नाही. माझं डोकं फिरतं ते इथे.

१९८० साली नेवार्कला जन्मलेला हा माणूस लिहितो काय, तर संथ, अतिसंथ संगीत. 'फॉर जॉर्ज लुईस' घ्या. पाऊण तासाहून मोठी रचना. स्वरांचा एक पुंजका धरलेला असतो, त्यातला एखादाच सूर हलतो, बाकीचे जागच्या जागी. विलंबित ख्याल ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना याची धास्ती वाटायचं कारण नाही. फक्त समेची वाट बघू नका, ती यायची नाही.

जॉर्ज लुईस म्हणजे ट्रॉम्बोनवादक, संगीतकार आणि कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. सोरी तिथेच शिकला. २०२४ चं पुलित्झर मिळालेली त्याची 'अडाजिओ' ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांना अर्पण केलेली आहे. हे दोघेही ज्येष्ठ 'एएसीएम'चे, म्हणजे शिकागोतल्या काळ्या संगीतकारांनी १९६५ मध्ये उभ्या केलेल्या संघटनेचे. आपलं स्वतःचं संगीत लिहायचं आणि तेच वाजवायचं, हा त्यांचा बाणा. 'अडाजिओ'त सॅक्सोफोन आणि ऑर्केस्ट्रा आहे, पण टाळ्याखाऊ जागा नाहीत. तो मोह टाळायला हिंमत लागते राव.

निषेधाचं संगीत लिहू नये असं मी मुळीच म्हणत नाही. जोएल थॉम्पसनने सात निःशस्त्र काळ्या पुरुषांचे शेवटचे शब्द ख्रिस्ताच्या अखेरच्या सात वचनांवर हायडनने अठराव्या शतकात केलेल्या रचनेच्या आराखड्यावर समूहगायनासाठी बांधले आहेत, ते ऐकताना घशात आवंढा येतो. पण काय लिहायचं ते संगीतकाराने ठरवायचं, तिकीट काढणाऱ्याने नव्हे.

आणि दारं तरी कधी उघडली? न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा १८८३ पासून चालू आहे. काळ्या संगीतकाराचा पहिला ऑपेरा तिथे लागला २०२१ मध्ये, टेरेन्स ब्लँचर्डचा. अँथनी डेव्हिसचा, काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मॅल्कम एक्सवरचा ऑपेरा न्यूयॉर्क सिटी ऑपेरात १९८६ ला झाला होता, मेटला पोचायला २०२३ उजाडलं. सदतीस वर्षं! आता ऑर्केस्ट्राही काळ्या संगीतकारांना बोलावतात, पण बऱ्याचदा फेब्रुवारीत (अमेरिकेत तो काळ्यांच्या इतिहासाचा महिना), तेही सुरुवातीच्या दहा मिनिटांपुरतं. मग मध्यंतर, मग ब्राम्ससारखा जुना युरोपियन दिग्गज. सोरीची लांबलचक रचना या साच्यात बसतच नाही, आणि मला तो आवडतो त्याचं निम्मं कारण तेच.

ऐकणार असाल तर हेडफोन लावा. मोबाईलच्या स्पीकरवर अर्धं संगीत पंख्याच्या आवाजातच जाईल.