थॅलॅमसचं 'कुलूप' आणि रविवारची कार्यशाळा

पोवई नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. फ्लेक्स कशाचेही लागतात. पण परवा तोच मजकूर माझ्या धाकट्या जावेनं कोरेगावहून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही बायोलॉजी शिकवता म्हणून विचारते. रविवारी साताऱ्यात बॅच आहे, पोराचं नाव घालू ना?' त्यानंतर माहेरच्या ग्रुपवर तोच मेसेज, मग आमच्या स्टाफच्या ग्रुपवरही. ज्युनिअर कॉलेजच्या शास्त्र शाखेतल्या माणसांनी त्याला अंगठे दिलेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचं दार आहे. पाचही इंद्रियांची माहिती त्यातूनच वर जाते. सामान्य माणसात ते जवळपास बंद असतं, म्हणून आपण मेंदू दहा टक्केच वापरतो. ५ ते १५ या वयात विशिष्ट संगीत आणि श्वसन यांनी 'मिडब्रेन' जागृत केला की दार उघडतं आणि मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागतं. कार्यशाळेनंतर मूल अधूनमधून हरवल्यासारखं एकटक बघत राहिलं तर घाबरू नका, हाक मारू नका, डॉक्टरांकडे पळू नका. ते जागृतीचं लक्षण आहे. नासानं सिद्ध केलं आहे. जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा.

आधी जागा. थॅलॅमस मिडब्रेनमध्ये नसतोच, त्याच्या वर असतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, प्रत्येक साधारण ३ सेंटिमीटर लांब. मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा, जेमतेम २ सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचं लहानमोठं होणं, आवाजाच्या दिशेनं मान वळणं ही त्याची कामं. तिथल्याच काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो. आपल्याला जागं ठेवणारी यंत्रणाही इथूनच वर जाते. मिडब्रेन खरोखर झोपलेलं मूल कोमात असतं, ते फी भरून हॉलमध्ये येत नाही.

पाचही इंद्रियांची माहिती थॅलॅमसमधून जाते हे म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. दृष्टी, श्रवण, स्पर्श, चव खरंच तिथं थांबून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीकडे जातात. वास मात्र थॅलॅमसला वळसा घालून थेट कॉर्टेक्समध्ये पोचतो. आणि गंमत बघा, या क्लासच्या व्हिडिओंत पट्टी बांधलेली मुलं कार्ड कुठं धरतात? नाकाशी. 'रंगाचा वास घेतोय' असं सर सांगतात. ज्या एका इंद्रियाला यांचं दार लागतच नाही, नेमकं तेच यांनी पुढे केलंय. कार्ड नाकाशी धरण्याचं खरं कारण साधं आहे: पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून खालचं दिसतं. अमेरिकी विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९६६ साली 'सायन्स' या नियतकालिकात हीच नाकाजवळची फट दाखवून दिली होती. तेव्हा रशियातल्या बायका बोटांनी वाचतात अशी हवा होती. आता पोरं नाकानं वाचतात.

आता या 'दारा'कडे येते, कारण थॅलॅमसचं खरं काम मेसेजमधल्यापेक्षा कितीतरी सुरस आहे आणि ते कुणी सांगत नाही. आपली पाठ्यपुस्तकंसुद्धा 'माहिती पुढे पाठवणारं केंद्र' एवढं एक वाक्य लिहून मोकळी होतात. मरे शर्मन आणि रे गिलरी या दोन संशोधकांनी हयात याच्यावर घालवली. मांजराच्या थॅलॅमसमधला डोळ्यांचा जो भाग आहे, त्यातल्या पेशींवर जोडण्या कुणाकुणाच्या येतात हे मोजलं गेलं, तेव्हा डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या भरल्या अवघ्या ५ ते १० टक्के. कॉर्टेक्सकडून उलट खाली येणाऱ्या साधारण ३० टक्के. बाकीच्या मेंदूच्या देठाकडून आणि आजूबाजूच्या रोखणाऱ्या पेशींकडून. म्हणजे ज्याला 'वर पाठवणारं' केंद्र म्हणायचं, त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांत 'वरचा'च आहे. तहसील कचेरीत आवक बारनिशीचा कारकून आलेला प्रत्येक कागद नुसता शिक्का मारून वर पाठवत नाही. आज कुठली प्रकरणं आधी ठेवायची, कुठली थोपवायची हे साहेबांनी आधीच खाली कळवलेलं असतं. कॉर्टेक्स थॅलॅमसला तेच करतं. गर्दीत आपलं नाव ऐकू येणं, वाचताना पंख्याचा आवाज मागे पडणं, यात या दुहेरी वाटेचा मोठा वाटा आहे. थॅलॅमसभोवती रोखणाऱ्या पेशींचं एक पातळ आवरण असतं. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये अशी कल्पना मांडली की लक्षाचा झोत कुठं पडायचा हे ते आवरण ठरवतं. म्हणजे दार बंदही नाही आणि उघडंही नाही. क्षणाक्षणाला कमीजास्त होत असतं, तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या डोक्यात, फी न भरता.

हा ५ ते १० टक्क्यांचा आकडा उद्या क्लासवालेच वापरतील हे मला दिसतंय: 'बघा, डोळ्यांचा वाटा इतका कमी, म्हणजे डोळ्यांशिवाय दिसणारच!' म्हणून शर्मन-गिलरी यांचंच पुढचं म्हणणं सांगते. जोडण्यांची संख्या आणि त्यांचं काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोळ्याकडून येणाऱ्या त्या मोजक्या जोडण्या मजकूर आणतात. बाकीच्या बहुसंख्य त्या मजकुराचा जोर कमीजास्त करतात. पुरावा असा की थॅलॅमसमधली ती पेशी कशाला प्रतिसाद देते हे पाहिलं, तर ती डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशीसारखी वागते, कॉर्टेक्समधल्या पेशीसारखी नाही. मजकूरच आला नाही तर जोर कशाचा वाढवणार?

मूळचे आपल्याकडचे, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काम करणारे मृगांक सूर यांनी तर फेरेट नावाच्या प्राण्याच्या नवजात पिल्लांमध्ये डोळ्यांच्या नसा श्रवणाच्या थॅलॅमसकडे वळवल्या. पुढे त्यांचं श्रवणाचं कॉर्टेक्स प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागलं. मेंदूच्या जोडण्या इतक्या बदलू शकतात, हे थक्क करणारंच आहे. पण त्या पिल्लांनाही डोळे लागलेच.

एक गोष्ट मेसेजमध्ये अर्धी खरी आहे, ती नाइलाजानं मान्य करते: लहान वयात या जोडण्या जास्त घडतात. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत झाकून ठेवला, तर कॉर्टेक्समधल्या पेशींनी त्या डोळ्याला ओळख देणंच सोडलं. मोठ्या मांजराचा डोळा तसाच झाकला, तर तसं झालं नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा भाग मोठा. यातूनच कळतं की मुलाचा एक डोळा आळशी असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावायचं, आणि ते जितक्या लवकर तितकं बरं. पट्टीनं मेंदू बदलतो तो असा. ती पट्टी नेत्रतज्ज्ञ देतात, एकाच डोळ्यावर, आणि तिच्यासाठी हॉल भाड्यानं घ्यावा लागत नाही.

इथपर्यंत पैसे गेले एवढंच म्हणून सोडून देता आलं असतं. पण ते 'हरवल्यासारखं एकटक बघणं' वाचून माझं डोकं फिरलं. माझ्या पुतण्याच्या बाईंनी मागच्या सत्रात नेमकी हीच तक्रार केली होती: मध्येच थांबतो, बघत राहतो, मग जिथं होता तिथून पुढे लिहायला लागतो. जावेनं ती तक्रार आणि हा मेसेज एकत्र वाचले आणि तिला वाटलं, पोरात आधीपासूनच काहीतरी विशेष आहे.

ॲब्सेन्स एपिलेप्सी नावाचा फिटचा एक प्रकार आहे. बहुतेक वेळा ४ ते १० या वयात सुरू होतो. मूल पडत नाही, आचके देत नाही, तोंडाला फेस येत नाही, त्यामुळे घरच्यांना ती फिट वाटतच नाही. सुमारे दहा सेकंद कोरी नजर, कधी पापण्यांची फडफड, आणि पुन्हा सगळं सुरळीत. दिवसात असं कितीतरी वेळा. मुलाला त्याची आठवण नसते. शाळेत बोलणी बसतात, 'लक्ष कुठंय?' आणि हे घडतं नेमकं थॅलॅमस-कॉर्टेक्सच्या त्याच दुहेरी वाटेवर. थॅलॅमसच्या पेशी दोन रीतींनी काम करतात: जागेपणी सलग, तर गाढ झोपेत थांबून थांबून एकदम झुबक्यानं. या फिटमध्ये जागेपणीच ती वाट एका ठेक्यात अडकते, सेकंदाला सुमारे ३ वेळा. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर, तो ठेका इतका स्पष्ट दिसतो की शिकाऊ डॉक्टरही ओळखतो. यावरचं इथोसक्सिमाइड हे औषध थॅलॅमसच्या पेशींमधल्या ज्या कॅल्शियमच्या वाटांवर काम करतं, त्यांच्याचमुळे ते झुबके उठतात. मेसेजवाल्यांना थॅलॅमसबद्दल बोलायचंच होतं, तर हे बोलायचं होतं.

आता मेसेजमधल्या दोन सूचना पुन्हा वाचा. पहिली, हाक मारू नका. तंद्री आणि फिट यांतला फरक घरी कळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग हाक मारणं, खांद्याला हात लावणं हाच आहे. तंद्री मोडते, फिट मोडत नाही. नेमका तोच मार्ग यांनी बंद केला. दुसरी, श्वसन. ही फिट तपासण्यासाठी डॉक्टर मुलाला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, लहानग्यांना भिंगरीवर फुंकायला सांगतात. औषध सुरू नसलेल्या बहुतेक मुलांना त्यातच फिट येते. म्हणजे कार्यशाळेत पन्नास मुलांकडून जलद श्वसन करून घ्यायचं, त्यातल्या एखाद्याला हा आजार असेल तर त्याला तिथंच फिट आणायची आणि आईबापांना सांगायचं, अभिनंदन. उन्हाळ्यात विहिरीवर पोहायला जाणाऱ्या, सायकलवर हायवे ओलांडणाऱ्या मुलाचे ते दहा सेकंद काय करू शकतात, हे मला लिहवत नाही. जावेला मी फोनवर एवढंच सांगितलं: आधी बालरोगतज्ज्ञ आणि ईईजी, मग काय ते. जमलं तर मोबाइलवर त्या क्षणाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखव. आजार निघाला तरी यावर औषधं आहेत आणि बऱ्याच मुलांची फिट वाढत्या वयात जाते.

उरलेलं पटकन. दहा टक्के मेंदू: शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, नव्वद टक्के बेकार असलेल्या अवयवाला शरीर इतकं पोसत नाही. संगीतानं 'अल्फा लहरी' (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा एक प्रकार) वाढल्याचे आलेख दाखवतात: हान्स बर्गर यांनी १९२९ मध्येच त्या लहरींबद्दल लिहिलं होतं, आणि डोळे मिटले की त्या वाढतात. मुलांना डोळे मिटायला कोण सांगतं? नासाबद्दल काय बोलायचं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात हे सांगावं लागतंय याचा संताप येतो, पण असो. ज्यांना अजून वाटतं की मुलं खरंच बघतात, त्यांनी फी भरण्याआधी एवढं मागावं. कार्ड आपलं, क्लासचं नको. पट्टीऐवजी आतून काळा कागद चिकटवलेला पोहण्याचा चष्मा, किंवा हनुवटीखाली आडवी धरलेली फाइल, म्हणजे नाकाची फट संपली. कार्ड डोक्याच्या मागे धरायचं. आणि हेही नको असेल तर पट्टीच काढा, फक्त हॉलचे दिवे घालवा आणि पडदे ओढा. 'संशयी माणूस समोर असला की शक्ती चालत नाही' हे उत्तर आलं, तर संशयी माणसाला बाहेर उभं करा. दिवे मात्र लावू देऊ नका.